गल्लीवंत

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमच्या घरातलं इंग्रजीचं खातं अजून माझ्याकडेच आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवल्याचा हा परिणाम. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरींनी पाणीकपातीची सूचना टाकली की खाली पहिली दुरुस्ती माझी असते, आणि मग काही दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. पाणी जाणारच असतं, निदान व्याकरण तरी राहावं.

बायको मात्र आपण होऊन शब्द विचारायला येते. ती सरकारी कचेरीत टंकलेखिका म्हणून लागली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाली. तिथे तिने ढिगाने इंग्रजी मजकूर अचूक टाइप केला, पण टाइप करताना अर्थ बघायचा नाही हा तिचा नियम होता. अर्थ बघितला की वेग कमी होतो, म्हणायची. आता वेगाची घाई नाही म्हणून ती अर्थ विचारते.

त्या संध्याकाळी ती मटार सोलत बसली होती. मुलीचा फोन नुकताच होऊन गेला होता. आम्ही दोघं वारज्यात राहतो आणि मुलगी हिंजवडीला. तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, जावईही त्याच धंद्यातला, आणि घरात आमची तान्ही नात. फोनवर मुलीचा आवाज चढलेला मला आतल्या खोलीत ऐकू येत होता. त्यामुळे फोन ठेवल्यावर जरा वेळ जाऊ देऊन, जपूनच बाहेर आलो. तर बाई खुशीत.

"अहो, गल्लीवंत म्हणजे काय हो?"

असा शब्द नाही, असं मी सांगितलं.

"आहे. पोरगी आत्ता मला म्हणाली. गुणवंत, भाग्यवंत, तसं गल्लीवंत. जिच्याकडे पुष्कळ गल्ल्या आहेत ती, असंच असणार. एवढी तडकली होती, पण बोलली चांगलं."

मी तिला मुलीचं पूर्ण वाक्य आठवायला लावलं. तोडकंमोडकं आलं, पण आलं. आई, धिस इज नॉट द एज टू गो गॅलिवँटिंग. मला हसू आवरेना. गॅलिवँटचं गल्लीवंत करायला माणूस शनिवार पेठेतच जन्मलेला असावा लागतो. हिचं लहानपण तिथल्या बोळांमध्ये गेलं. कुठला बोळ कुठे फुटतो, कुठल्या दुकानाच्या मागच्या दारातून नदीकडे निघता येतं, हे तिला अजून पाठ आहे. तेव्हा गल्ल्यांची मालकी कुणी तिला बहाल केलीच, तर तिने ती नाकारायचं कारण नव्हतं.

मुलगी चिडली होती त्यालाही कारण होतं. दुपारभर तिने आईला फोन केले आणि आईचा फोन पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीखाली, कुठल्या तरी बसमध्ये वाजत होता.

हे बसचं प्रकरण सांगायला हवं. निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात हिने माळे आवरले. ते संपले तेव्हा कपाटं. तीही संपली, तेव्हा एके दिवशी सकाळी पोळीभाजी करून, माझं ताट झाकून ठेवून ती बसमध्ये बसली आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत गेली. संध्याकाळी आली ती वांगी घेऊन. कुठे गेली होतीस, तर म्हणाली, बस जाते तिथे. नोकरीभर ती त्याच बसने गेली, त्याच स्टॉपवर उतरली, आणि बस तिला सोडून पुढे निघून जायची. ती पुढे कुठे जाते हे तिला बघायचं होतं. एवढी साधी इच्छा मनात ठेवून बाईने सगळी नोकरी केली आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मग तिला नादच लागला. आठवड्यातून तीनचार दिवस तरी सकाळी घर आवरून ती निघते. कधी बस, कधी बसमधून उतरून पायी. रात्री जेवताना मला वृत्तान्त मिळतो. कुठल्या शेवटच्या स्टॉपवर चहात आलं घालतात, कुठे पिंपळाचा पार अजून शाबूत आहे आणि समोर तीस मजली इमारत उभी राहिली आहे, कुठे डोंगर अर्धा कापून ठेवलाय. एकदा शहराच्या पार टोकाला, जिथे अजून गाव शिल्लक आहे, तिथे ती एका ओट्याजवळ सावलीला उभी राहिली. ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसलेल्या बाईने विचारलं, "कुनाकडं आलाय?" कुणाकडेच नाही, असं हिने सांगितलं. मग काय जमिनीचं काम हाय का? तेही नाही. मग देवाला? नाही. ती बाई हात थांबवून हिच्याकडे बघत राहिली. शेवटी ही म्हणाली, अशीच आलेय. त्यावर त्या बाईने थोडा विचार केला आणि शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "बसा की मग."

हे सांगताना हिचे डोळे भरून आले होते. मी आमटी वाढून घेतली. पुण्यात नवऱ्याने अशा वेळी काय करायचं असतं ते मला माहीत नाही.

तर मटार. मी तिला गॅलिवँटचा अर्थ सांगितला. मजेसाठी इकडेतिकडे फिरणं, कामधाम सोडून, कुणाची पर्वा न करता. मराठीत काय म्हणता येईल ते तूच सांग, म्हटलं. तिने शब्दांची सरबत्ती लावली. उंडारणं, हुंदडणं, उनाडक्या करणं, बोंबलत फिरणं. सगळे तिच्या आईच्या आवाजात.

"उंडारतात ती गुरं," ती म्हणाली. "हुंदडतात ती पोरं. आणि बोंबलत फिरते ती दुसऱ्याची मुलगी. माझ्यासाठी एकही नाही."

मी भटकंती हा शब्द सुचवला. तो हल्ली प्रतिष्ठित झाला आहे, वर्तमानपत्रात त्याची पुरवणी निघते. तिने मान हलवली. भटकंतीला किल्ला लागतो, म्हणाली, आणि पाठीवर सॅक. फिरायला जाणं म्हणावं तर तेही डॉक्टरांनी खराब करून ठेवलंय. फिरायला जाणाऱ्या माणसाच्या पायात पांढरे बूट असतात आणि तो स्वतःच्या साखरेबद्दल बोलतो.

मग ती म्हणाली, "वाक्यात उपयोग करा."

हे शब्द माझे. प्रत्येक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत मी ते घातले आणि मुलांनी त्यांचे हाल केले. पण मला कुणी कधी ते म्हटलेलं नव्हतं. मी जरा सावरून बसलो. पहिलं वाक्य, परीक्षा जवळ आली असताना तू मैत्रिणींबरोबर गॅलिवँट करत होतीस. दुसरं, तो युरोपभर गॅलिवँट करतोय आणि बायको घरी पोरं सांभाळतेय. तिसरं, मला गॅलिवँट करायला वेळ नाही. तिन्ही मी व्यवस्थित इंग्रजीत सांगितली आणि मग मराठीत समजावली. मला वाटलं, चांगली झाली.

तिने हातातली मटाराची शेंग सोलली. मग म्हणाली, "पहिल्यात रागावताय. दुसऱ्यात तक्रार. तिसऱ्यात एकदाचा 'मी' आला, तर वेळ नाही म्हणून सांगायला."

खरं होतं. मी आणखी वाक्यं आठवू लागलो. शब्दकोशही काढला. सगळीकडे तेच. हे क्रियापद माणसं दुसऱ्यासाठी राखून ठेवतात, तेही नाक मुरडून. मी तिला सांगितलं की शब्दातच थोडी नापसंती आहे, आणि हेही सांगितलं की ते अकर्मक क्रियापद आहे. करणारा असला की पुरे, कर्माची गरज नाही.

"म्हणजे काय, कशाला, कुणाला, हे विचारायचं नाही?"

व्याकरणदृष्ट्या नाही, मी म्हणालो.

त्यावर ती जशी हसली, तसं हसू मी आमच्या लग्नातल्या फोटोतही पाहिलेलं नाही. मटाराचे हात पदराला पुसले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आय गॅलिवँट."

साधा वर्तमानकाळ, प्रथमपुरुष, एकवचन. मी शिकवतो, मी स्वयंपाक करते, सूर्य पूर्वेला उगवतो, त्या चालीवर. चूक काढायला जागा नव्हती. असं कुणी म्हणत नाही, एवढंच मी म्हणू शकलो. तिने मटाराची परात उचलली आणि आत जाता जाता म्हणाली की आता म्हणालं ना कुणीतरी. मला तिचा फार अभिमान वाटला. एवढा मोठा इंग्रजी शब्द, त्यातली सगळी नापसंती झटकून तिने तो घरच्या कपासारखा वापरायला काढला होता.

पुढच्या रविवारी मुलीने आम्हांला जेवायला बोलावलं आणि ज्याची मला भीती होती ते झालं. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. ठरवलेली बाई येणार नाही असं कळलं होतं. पाळणाघरात जागा नव्हती, जावयाची आई नागपूरला आणि गुडघ्यांनी बेजार. मुलीने सगळं नीट आखून ठेवलं होतं. आईने सोमवार ते शुक्रवार तिच्याकडे राहायचं, बाळ सांभाळायचं, शनिवार-रविवार वारज्यात. बाळ दोनेक वर्षांचं होऊन प्लेग्रुपला जाईपर्यंत. ती हे सांगत होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं झालेलं मला दिसत होतं. माझी पोरगी थकली होती. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि तिथेच सगळी अडचण होती.

बायको विचार करून सांगते म्हणाली. त्या आठवड्यात ती कुठेही गेली नाही. सकाळी घर आवरून झालं की खिडकीशी बसायची. मी वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवल्या, ती हूं म्हणायची. एकदा तिने पिशवी काढली, झटकली आणि घडी घालून पुन्हा ठेवली. मला ते बघवलं नाही. तू जा गं, मी समजावतो पोरीला, असं म्हणावंसं वाटत होतं, पण समजावणार काय? नात तर दोघांचीही होती.

रविवारी आम्ही पुन्हा हिंजवडीला गेलो. जेवणं झाली, बाळ झोपलं. बायकोने चटकन विषयाला हात घातला. मी राहायला येणार नाही, म्हणाली.

मुलगी तडकली. आधी इंग्रजीत बोलली, मग मराठीत आली, तेव्हा तिचा आवाज फाटला होता. "तू कुठे जातेस गं पण? काय असतं तिथे? काही आणायचं नसतं, कुणाला भेटायचं नसतं. कशासाठी जातेस?"

"अकर्मक आहे ते. बाबांना विचार."

"आई, प्लीज. मस्करी नको. माझ्यापेक्षा बस महत्त्वाची आहे का तुला?"

मला वाटलं, आता ही मोडणार. कुठलीही आई मोडली असती. हिने मुलीचा हात हातात घेतला आणि सावकाश, कचेरीत टिपणी वाचून दाखवावी तशी बोलली. "तू लहान होतीस तेव्हा मी नोकरी केली, घर केलं, तुझ्या आजीचं अंथरुणातलं सगळं केलं. केलं त्याची तक्रार नाही. पण इतक्या वर्षांत कुठे जाते, किती वाजता येते, हे न सांगता मी एकदाही उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. आता पडते. ते मी सोडणार नाही. तुझ्यासाठी नाही, बाळासाठीही नाही." मग म्हणाली, "बाळाला माणूस हवंय ना घरात? हे आहेत की."

हे म्हणजे कोण ते मला चटकन कळलं नाही. मी मागे वळून पाहिलं. मागे फ्रीज होता.

"बाबा?" मुलगी म्हणाली. "बाबांना काय येतं?"

शिकतील, बायकोने सांगितलं. तब्येत ठणठणीत आहे, वेळ मोकळा आहे, आणि घरात बसून राहायला त्यांच्यासारखा माणूस पुणे शहरात मिळायचा नाही. हा अपमान होता की प्रशस्तिपत्र, ते अजून माझं ठरलेलं नाही. पण आठवडाभर मुलगी, जावई आणि मी, तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात न आलेली गोष्ट या बाईने इतक्या सहज मांडली की मी येतो म्हणून मोकळा झालो.

अशा रीतीने मी हिंजवडीकर झालो. तिथल्या ट्रॅफिकबद्दल मी बोलणार नाही, कारण त्यावर बोलायला बसलेली माणसं अजून तिथेच अडकलेली आहेत. बाळाचं म्हणाल तर ते माझ्या अंदाजापेक्षा बरं निघालं. लंगोट, दूध, भाताची पेज, सगळं जमलं. नातीला मी काळ शिकवले. आजोबा पेज भरवतात, आजोबा पेज भरवत आहेत, आजोबांनी पेज भरवली आहे. चालू वर्तमानकाळात ती तोंड मिटायची आणि पूर्ण वर्तमानकाळ आला की सगळं माझ्या शर्टावर काढायची.

मुलगी माझ्याशी बरी होती. आईशी मात्र तुटक. शनिवार-रविवारी आम्ही वारज्यात असताना तिचा फोन यायचा तो माझ्या फोनवर, आणि आई कशी आहे हे विचारण्याआधी ती जरा थांबायची. बायकोने तिची मनधरणी केली नाही आणि रागही धरला नाही. मला त्यातलं एकच जमलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी ती मला न्यायला यायची, शाळेतून पोराला न्यावं तशी. यायची तेव्हा साडीला धूळ, पिशवीत कसले तरी गावठी टोमॅटो. हातपाय धुऊन बाळाला मांडीवर घ्यायची आणि आठवडाभर कुठेकुठे गेली ते बाळाला सांगायची. कुठल्या गावाच्या वेशीवर म्हशी रस्ता अडवून बसल्या आणि कंडक्टरने उतरून त्यांची समजूत घातली. कुठे एका बाईने हिला चुलीवरची भाकरी खायला लावली आणि निघताना, पुन्यातल्या बाया एवढ्या मोकळ्या असत्यात व्हय, असं विचारलं. शेजारच्या खोलीत मुलगी लॅपटॉपवर काम करत असायची. बायको बोलू लागली की तिकडचा कीबोर्डचा आवाज थांबायचा. गोष्ट संपली की पुन्हा सुरू व्हायचा. हे फक्त मला ऐकू येत होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

एका शुक्रवारी गप्पांत उशीर झाला आणि आम्ही तिथेच मुक्काम केला. सकाळी जावई व्यायामाला गेलेला, मी नातीला कडेवर घेऊन गॅलरीत, आणि बायको दारात चपला घालत होती. मुलगी खोलीतून बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप. आईच्या मागे येऊन उभी राहिली.

"आज कुठे?"

बायकोने ठरवलं नसल्याचं सांगितलं.

मुलगी भिंतीकडे वळली. भिंतीवरच्या रंगाचा एक पोपडा नखाने काढत राहिली. लहानपणी शाळेतून मार्क कमी आले की अशीच उभी राहायची. मग तोंड भिंतीकडेच ठेवून म्हणाली, "मी येऊ?"

बायकोने वर पाहिलं. मला वाटलं जवळ घेईल, डोळ्यांत पाणी येईल. तसलं काही नाही. तिने नुसतं विचारलं, "गाडी?"

"नको."

"लॅपटॉप?"

"नको." मुलीने हातातल्या फोनकडे पाहिलं. मग गॅलरीत आली, फोन माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकला, लेकीच्या गालाचा पापा घेतला आणि होती त्या कपड्यांवर ओढणी टाकून निघाली.

मी वरून बघत होतो. दोघी फाटकातून बाहेर पडल्या. डावीकडे बसस्टॉप, तिकडे त्या वळल्या नाहीत. उजवीकडे, जिथे रस्त्याचं काम अर्धवट राहिलं आहे आणि पुढे नुसती शेतं दिसतात, तिकडे निघाल्या. आधी पोरगी आईच्या एक पाऊल मागे होती. मग बरोबरीने आली. मी नातीचा हात धरून हलवला, पण दोघींपैकी एकीनेही वर पाहिलं नाही.

त्या दिसेनाशा होतात न होतात तोच माझ्या खिशातला फोन वाजला. तिच्या ऑफिसातून कुणी साहेब होते. शनिवारी सकाळी. अतिशय सफाईदार इंग्रजीत त्यांनी मॅडम आहेत का विचारलं. बाहेर गेली आहे, मी सांगितलं. कुठे गेल्या आहेत, किती वाजता येतील, कशासाठी गेल्या आहेत, त्यांनी एकामागून एक विचारलं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं, आणि आयुष्यात कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मी इतक्या आनंदाने दिलेलं नाही.